घोषणा आजच का? तारखेसकट लिहा

मांडवीकाठी (धागा सुरू करणारा)

गोव्यात हल्ली सरकारने काहीही जाहीर केलं की लोक 'काय जाहीर केलं' हे नंतर विचारतात, आधी विचारतात 'आजच का?'. पेट्रोल उतरलं, म्हणजे मतदान जवळ आलं वाटतं. जमिनीचा कसलातरी मसुदा निघाला, तो चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावरच बरा निघाला. मंत्री म्हणाले घाबरायचं कारण नाही, की झालंच, लोक पिशव्या घेऊन दुकानाकडे. माझं सरकारी योजनांचे फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे (गाव सांगत नाही, उगाच जाहिरात होईल) त्यामुळे हे रोज कानावर पडतं, आणि लोकांना काही कळत नाही म्हणून ते असं बोलतात हे मला अजिबात पटत नाही. लोकांनी बघितलंय म्हणून बोलतात.

पण नुसतं 'सगळे चोर' लिहून धागा दोनशे प्रतिसादांवर न्यायचा असेल तर दुसरीकडे जा. इथे तारीख द्या आणि त्या तारखेच्या आगेमागे काय चाललं होतं ते द्या. पक्ष कुठलाही असू दे, जुने किस्से पण चालतील.

माझ्यापासून सुरुवात. ३ नोव्हेंबर २०२१, दिवाळीच्या आदली संध्याकाळ. केंद्राने पेट्रोलवरची एक्साइज ५ रुपये आणि डिझेलवरची १० रुपये उतरवली, लगोलग आपल्या राज्य सरकारने दोन्हींवर आणखी ७-७ रुपये कमी केले, म्हणजे पेट्रोल १२ नि डिझेल १७ रुपयांनी खाली. चांगलंच झालं, मीही टाकी फुल केली. आता पुढचं बघा. ४ नोव्हेंबरला भाव जे गोठले ते थेट २२ मार्च २०२२ ला हलले, १३७ दिवसांनी. मधे १४ फेब्रुवारीला आपलं मतदान, १० मार्चला निकाल. जून २०१७ पासून देशभर दर रोजच्या रोज ठरतात, ते कंपन्या ठरवतात आणि सरकारचा त्यात हात नाही असं आपल्याला सांगितलं जातं. बरं, २४ फेब्रुवारीला युक्रेनचं युद्ध सुरू होऊन कच्चं तेल भडकलेलं, तरी म्हापशाच्या पंपावरचा आकडा जागचा हलला नाही.

सांगेकर मास्तर

देशात दर दोनचार महिन्यांनी कुठे ना कुठे निवडणूक असतेच. कुठलाही निर्णय घ्या, तो कुठल्यातरी निवडणुकीच्या आधीच येणार. गणित शिकवून निवृत्त झालोय म्हणून सांगतो, उत्तर आधी ठरवलं की त्याला लागणाऱ्या तारखा सापडतातच.

मांडवीकाठी

मास्तर मग तुम्हीच तपासा ना. २०१८ ची कर्नाटक विधानसभा, मतदान १२ मे. २४ एप्रिल ते १३ मे भाव जागच्या जागी, १४ तारखेपासून चढायला सुरुवात. २०२४ ची लोकसभा, ८ मार्चला महिला दिनाची भेट म्हणून सिलिंडर १०० रुपयांनी स्वस्त, १४ मार्चच्या रात्री पेट्रोल डिझेल २ रुपयांनी कमी, १६ मार्चला निवडणूक जाहीर आणि आचारसंहिता लागू. आता मतदानाच्या आदल्या आठवड्यात सणसणीत दरवाढ झाली असं एक उदाहरण द्या, धाग्यात सगळ्यात वर चिकटवतो.

डिचोलीकर ट्रकवालो

पेट्रोलचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे या. सप्टेंबर २०१२ मध्ये मायन्स बंद, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाची बंदी, एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली, २०१५ मध्ये जरा कुठे ट्रक हलायला लागले, तेवढ्यात ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीज रद्द आणि मार्चच्या मध्यापासून परत सगळं ठप्प. ह्या सगळ्या वर्षांत 'लवकरच सुरू होणार' हे किती मंत्र्यांनी किती स्टेजवरून सांगितलं त्याची गणती कोणी ठेवली असेल असं वाटत नाही. पावसाआधी विचारलं तर पावसानंतर, पावसानंतर विचारलं तर पुढच्या सीझनला, आणि निवडणूक आली की 'सहा महिन्यांत'. पहिला लिलाव झाला तो डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे विधानसभा होऊन दहा महिने उलटल्यावर.

आता ह्यात नुकसान कोणाचं झालं ते ऐका. ज्याने विश्वास ठेवला त्याचं. 'लवकरच' ऐकून आमच्यातल्या कोणी ट्रकचा इन्शुरन्स भरला, कोणी टायर घातले, कोणी बँकेकडून मुदत वाढवून घेतली आणि व्याज चढवून घेतलं. ज्याने कोणाचंच ऐकलं नाही आणि पहिल्याच वर्षी ट्रक मोडीत काढला तो आज सुखी आहे, भाजीचा टेम्पो चालवतो. मास्तर, हे कुठल्या गणितात बसतं? आमच्या मुलांनी ह्यातून काय शिकायचं, की सरकार बोललं की त्याच्या उलट करायचं?

मला वेळ बरोबर होती की चूक ह्याचं काही पडलेलं नाही. फक्त 'लवकरच' लिहायला बंदी घाला, तारीख लिहा, नसेल तर गप्प बसा.

म्हापशेकर

आमच्या इथली तारीख एकदम फिक्स. मांडवीतले कॅसिनो कित्येक वर्षं 'हलणार' आहेत आणि मुदत संपत आली की सहा महिन्यांची वाढ मिळते. इतकं वक्तशीर दुसरं काही सरकारात असलं तर दाखवा 😄

वाळपयकार

म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटकशी जो वाद आहे त्यावर अजून कोणीच कसं लिहिलं नाही? मी लिहितो, मोठं होईल, सहन करा.

२१ डिसेंबर २०१७. आपल्या त्यावेळच्या मुख्यमंत्र्यांचं पत्र येडियुरप्पांना जातं, पिण्याच्या पाण्यासाठी कर्नाटकशी बोलायची तयारी आहे म्हणून. येडियुरप्पा तेव्हा मुख्यमंत्री नव्हते, विरोधी पक्षात होते, आणि कर्नाटकची निवडणूक मे २०१८ ला. पत्र हुबळीच्या सभेत वाचून दाखवतात आणि आपल्याला टीव्हीवर कळतं. १४ ऑगस्ट २०१८ ला लवादाचा निवाडा, कर्नाटकला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. तो राजपत्रात छापायला उजाडला २७ फेब्रुवारी २०२०. दीड वर्ष! आणि मग २९ डिसेंबर २०२२, केंद्रीय जल आयोगाने कळसा-भांडुराच्या (म्हादईचं पाणी वळवायचा कर्नाटकचा प्रकल्प) सुधारित डीपीआरला, म्हणजे प्रकल्प अहवालाला, मान्यता दिली, ही बातमी गोव्याला कुठून कळली तर बेळगावात कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन चालू होतं तिथे त्यांच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितली तेव्हा. इथे सगळे नाताळ आणि थर्टीफर्स्टच्या गर्दीत. कर्नाटकचं मतदान १० मे २०२३ ला होतं हे वेगळं सांगायला नको.

बरं झालं तिथेच थांबलं असतं. २८ जानेवारी २०२३ ला केंद्रीय गृहमंत्री बेळगाव जिल्ह्यातल्या सभेत सांगतात की गोव्याबरोबरचा वाद मिटवून आम्ही पाणी दिलं. आणि आपले मुख्यमंत्री इकडे म्हणतात असं काही झालेलं नाही, आम्ही कोर्टात लढतोय. दोन्ही एकाच पक्षाचे, दोन्ही अधिकृत. मी सत्तरीत राहतो, नदी घरामागून जाते, मी ह्यातलं कुणाचं अधिकृत धरायचं? तर आमच्याकडे लोकांनी सरळ हिशोब केलाय, म्हादईवर काही बोलणं झालं की कर्नाटकात निवडणूक कधी आहे ते बघायचं.

सांगेकर मास्तर

वाळपयकार बाब, ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाकीच्यांवर आहे.

पर्वरीतला पुणेकर

मी बाहेरचा पण गोव्यात दहाएक वर्षं झाली. नोटाबंदी ८ नोव्हेंबर २०१६ रात्री आठ वाजता, चार तासांनी ५०० नि १००० रद्द. मग बदलून घ्यायची मर्यादा ४ हजार, मग साडेचार, मग २ हजार, मधेच बोटाला शाई. पन्नास दिवस द्या असं पंतप्रधानांनी भावुक होऊन सांगितलं ते १३ नोव्हेंबरला इथेच गोव्यात, मोपा विमानतळाची कोनशिला होती त्या दिवशी. पुढे रिझर्व्ह बँकेने २०१७-१८ च्या अहवालात सांगितलं की ९९.३ टक्के नोटा परत आल्या, तो अहवाल यायला ऑगस्ट २०१८ उजाडलं. म्हणजे जाहीर करायला चार तास, हिशोब द्यायला पावणेदोन वर्षं. माझा राग त्या फरकावर आहे.

आणि अचानक जाहीर करायला कारण होतं हेही मान्य, आधी सांगितलं असतं तर काळा पैसा हलवला असता. पण मग तीच सवय लागली. २४ मार्च २०२०, परत रात्री आठ, परत चार तास.

काणकोणची आबोली

मार्च २०२० गोव्यात तर कहरच होता. २२ मार्चला जिल्हा पंचायतीचं मतदान ठरलेलं, १९ तारखेला रात्री कळलं की त्याच दिवशी जनता कर्फ्यू, अगदी आयत्या वेळी मतदान पुढे गेलं ते डिसेंबरात झालं. कर्फ्यू वाढवला, भुसारी दुकानं पण बंद ठेवली, घरात तांदूळ नाही, मग ओरड झाल्यावर एकदम सांगितलं की दुकानं चोवीस तास उघडी ठेवा. बंद पासून चोवीस तास, मधलं काहीच नाही! त्या आठवड्यापासून आमच्या वाड्यावर कोणी निवेदनाची वाट बघत नाही. ज्याच्या भावाचा मित्र पोलिसात आहे त्याला फोन लावतात.

उसगावची सून

आबोलीबाय 😂 आमच्याकडे टँकरवाला. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टीला ओपा पाणीप्रकल्पाच्या पाइपलाइनी फुटल्या, तिसवाडी नि फोंडा दिवसच्या दिवस कोरडे, आणि रोज नवीन मुदत, आज संध्याकाळपर्यंत येणार, उद्या सकाळपर्यंत येणार. सासूबाई शेवटी पेपर बाजूला ठेवून टँकरवाल्याला विचारायला लागल्या. त्याने सांगितलेली वेळ जास्त बरोबर यायची.

राजपत्रवाला

मी सचिवालयात नोकरी करून निवृत्त झालो, खातं सांगत नाही. दोन गोष्टी आतल्या बाजूने सांगतो, पटल्या तर घ्या.

एक म्हणजे तुम्ही समजता तेवढं डोकं वेळेसाठी कोणी लावत नाही. फाइल खालून निघते, अर्थखात्याकडे अडते, कायदा खात्याकडे अडते, परत येते, मंत्री दौऱ्यावर. मग बातमी येते की आचारसंहिता पंधरा दिवसांत लागणार आणि महिनोन्महिने पडून असलेल्या पन्नास फाइली एका आठवड्यात सुटतात, कारण लागल्यावर काहीच जाहीर करता येत नाही. मार्चमध्येही तेच, पैसे लॅप्स होतात म्हणून. अधिवेशन चालू असताना धोरणाची गोष्ट सभागृहाबाहेर बोलायची नाही हा संकेत, म्हणून अधिवेशन संपलं की एकदम पाऊस. बाहेरून बघणाऱ्याला कट दिसतो, आत बहुतेक वेळा आळस असतो.

दुसरी गोष्ट, घोषणा म्हणजे निर्णय नव्हे. मंत्री पत्रकारांना सांगतो ती घोषणा. राजपत्रात छापून येतं तो निर्णय, आणि आपलं राजपत्र दर गुरुवारी निघतं, घाई असली तर असाधारण अंक कुठल्याही दिवशी. तो सरकारी छापखान्याच्या वेबसाइटवर फुकट असतो. बघतो कोण? माझ्या अख्ख्या नोकरीत राजपत्र वाचून फोन केलेले लोक म्हणजे वकील, बिल्डर आणि बिल्डरचे वकील.

मांडवीकाठी

राजपत्रवाला काका, आळस मान्य. पण आळसाचा फायदा कायम एकाच बाजूला कसा होतो?

काणकोणची आबोली

हेच लिहायला आले होते. आळस असता तर कधीतरी आमच्या बाजूने पण झाला असता ना. एप्रिल २०२० घ्या, कडक लॉकडाऊन, माणूस घराबाहेर पडला तर पोलीस काठी दाखवत होते. ७ एप्रिलला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची स्थायी समिती व्हिडिओ कॉन्फरन्सवर बसली आणि मोलेच्या अभयारण्यातून जाणारे प्रकल्प त्यात घेतले. ११ एप्रिलला ईआयएचा (प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांच्या तपासणीच्या नियमांचा) नवा मसुदा केंद्राच्या राजपत्रात, हरकतींना ६० दिवस. पोस्ट बंद, बस बंद, ग्रामसभा बंद, हरकत घ्यायची कशी? ती मुदत आधी ३० जूनपर्यंत नि मग दिल्ली हायकोर्टाने ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा २२ भाषांत करा म्हणून सांगितलं. म्हणजे कोर्टात गेल्यावर वेळ मिळतो, तोपर्यंत नाही. मोलेच्या बाबतीत तर रेल्वेच्या दुपदरीकरणाला मंडळाने दिलेली मान्यता सुप्रीम कोर्टाने ९ मे २०२२ ला काढूनच टाकली. ह्यात दोन वर्षं पोरं रस्त्यावर होती, चांदरला रात्रभर रुळावर बसली होती नोव्हेंबर २०२० मध्ये, गुन्हे अंगावर घेतले.

आणि आताचं नगर नियोजन कायद्याचं ३९अ कलम, २०२४ चं. जमिनीचा झोन बदलायचा प्रस्ताव छापतात, हरकतींना ३० दिवस. कागदावर ३० दिवस भरपूर वाटतात. आमच्या गावातल्या एका प्रस्तावाचं मला कळलं ते असंच कुणीतरी ग्रुपवर पान टाकलं म्हणून, त्यात सर्व्हे नंबर आहे, चौरस मीटर आहेत, मालकाचं नाव आहे, पण ती जागा म्हणजे नेमकं कुठलं शेत हे शोधायला एक-चौदाचा उतारा (आपला सातबारा) काढा, नकाशा काढा, आणि मधेच चवथ आली की सगळा गाव आठवडाभर माटोळी बांधण्यात आणि पाहुण्यांत. गेले तेवढे दिवस. मग ग्रामसभा रविवारी. मी हरकत दिली, शिक्का घेतला, त्यानंतर त्याचं काय झालं ते अजून कोणी मला सांगितलेलं नाही.

राजपत्रवाला

त्याच कायद्यातल्या झोन दुरुस्तीच्या १७(२) कलमाचे नियम हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले ते विसरू नका. यंत्रणा अगदीच मेलेली नाही.

काणकोणची आबोली

यंत्रणा नव्हे काका, याचिका. कलम २०२३ चं, निकाल २०२५ चा. मधल्या काळात किती जमीन फिरली?

डिचोलीकर ट्रकवालो

👆 बरोबर बोलली

वास्कोचो पात्रांव

हे सगळं आत्ताच सुरू झालंय असं नव्हे. 'रिजनल प्लॅन २०११' हा राज्याच्या जमीनवापराचा आराखडा ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला, लोकांना त्यात काय आहे हे कळून रस्त्यावर यायला डिसेंबर उजाडला, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने मागे घेतला कारण जूनमध्ये निवडणूक. सेझ रद्द केल्याचं जाहीर केलं ते ३१ डिसेंबर २००७ ला. तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं, त्यामुळे कोणी इथे एकाच पक्षाला धरून बसू नका. वेळेचं शहाणपण खुर्चीत असतं, बसणारा बदलतो.

आणि मला राहून राहून वाटतं की सगळ्यात जास्त भरवसा आपला उडाला तो २०१८ मध्ये. मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारीत आजारी पडले, मुंबई, अमेरिका, दिल्ली अशा खेपा झाल्या, आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे हे सरकारकडून उघडपणे सांगितलं गेलं ते २७ ऑक्टोबरला, आरोग्यमंत्र्यांकडून. आठ महिने. तोवर रोज नवीन व्हॉट्सॅप, रोज नवीन खुलासा, रोज 'प्रकृती सुधारतेय'. लोकांनी मग खुलाशाचाच अर्थ उलटा लावायला सुरुवात केली, खुलासा आला म्हणजे काहीतरी आहे.

उसगावची सून

पात्रांव, तो माणूस आजारी होता. आजाराचं काय सांगायचं किती सांगायचं हा त्याचा नि घरच्यांचा प्रश्न. तुमच्या वडिलांना झालं असतं तर प्रेस नोट काढली असती का?

वास्कोचो पात्रांव

माझ्या वडिलांच्या सहीने बजेट पास होत नव्हतं बाय. माणूस म्हणून मला आदरच आहे, नाकात नळी घेऊन जानेवारी २०१९ मध्ये बजेट मांडायला उभे राहिले ते बघून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण राज्य कोण चालवतंय हे विचारायचा हक्क होता. १७ मार्चला ते गेले, १८ ला संध्याकाळी मिरामारला अंत्यसंस्कार, आणि १९ तारखेला पहाटे दोनच्या सुमारास राजभवनावर नवीन शपथविधी. त्यानंतर आठवडाभराने मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) दोन आमदार रात्री पावणेदोनला फुटून बाहेर. एवढी सगळी कामं मध्यरात्रीच का लागतात करायला?

उसगावची सून

शपथविधीचं मान्य. आजाराचं अजून नाही.

संपादक मंडळ

आजारपणावरचे पुढचे चार प्रतिसाद उडवलेत. धाग्याच्या विषयावर या.

पेडण्याची शिक्षिका

मी रोजच्या जगण्यातलं लिहू का, म्हादई-मोपाएवढं मोठं नाही. पावसात शाळेला सुट्टी. सुट्टीचं परिपत्रक येतं तेव्हा अर्धी मुलं बालरथात (शाळेच्या बसमध्ये) बसलेली असतात. आणि आता दुसरंच झालंय, लेटरहेड सकट खोटी परिपत्रकं फिरतात, त्यामुळे खरं आलं तरी पालक विचारतात टीचर हे खरं का? मी ग्रुपवर 'होय खरं आहे' लिहिते, तर एक आई लिहिते तुम्हाला कोणी सांगितलं. मग मी मुख्याध्यापकांना फोन, ते भागशिक्षणाधिकाऱ्यांना फोन, आणि बाहेर ऊन पडलेलं. पालक म्हणतात रेड अलर्ट दिला नि ऊन, सरकार खोटं बोलतं. सकाळी यलो होता दुपारी रेड कसा झाला, काहीतरी लपवत होते. आता पावसात कोण काय लपवणार सांगा मला.

आल्तिनोवरून

टीचर, इथे मी थोडं बोलू शकतो कारण हवामानाचा नाद आहे. रंग म्हणजे पावसाची हमी नव्हे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. आणि दोन वेगळ्या गोष्टी फिरत असतात, एक पुढच्या काही दिवसांचा जिल्हावार अंदाज आणि दुसरा नाउकास्ट, जो रडार बघून पुढच्या तीन तासांपुरता देतात. सकाळच्या अंदाजात पिवळा असताना दुपारी रडारवर ढग दिसला तर तीन तासांसाठी लाल देणार, ते बरोबरच आहे, नाही दिला तर शिव्या द्या. ग्रुपवर मात्र वेळ कापून फक्त लाल चौकोन पुढे जातो. इथे वेळ बदलते ती माहिती बदलते म्हणून. पेट्रोलच्या १३७ दिवसांशी ह्याची सांगड घालू नका प्लीज.

पेडण्याची शिक्षिका

हे मी प्रिंट काढून नोटीस बोर्डला लावते 🙏

पर्वरीतला पुणेकर

आल्तिनोवरून ह्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सगळ्याच गोष्टींवर संशय घ्यायला लागलो की खऱ्या धोक्याच्या वेळी कोणी हलणार नाही. मे २०२१ आठवा. ११ मे ला पहाटे गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) २६ रुग्ण गेले, आरोग्यमंत्री म्हणतात हायकोर्टाने चौकशी करावी, मुख्यमंत्री त्याच दिवशी म्हणतात ऑक्सिजनचा तुटवडा नाही, पोचवण्यात अडचण आहे. एकाच सरकारची दोन तोंडं, एकाच दिवशी. त्यानंतर लसीबद्दल सरकार जे खरंखुरं सांगत होतं ते पण लोक ऐकेनात, आमच्या सोसायटीतले शिकलेले लोक म्हणत होते थांबा बघू आधी.

सांगेकर मास्तर

म्हणून मी सुरुवातीला ओरडत होतो. आता एक उलटं उदाहरण मीच देतो. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, गोव्याचे १४६१ चौरस किलोमीटर त्यात. आदल्या दिवशी, ३० जुलैला, वायनाडला दरड कोसळलेली. आमच्या सांग्यात लगेच सुरू, लोकांच्या दुःखाचा फायदा घेऊन मसुदा लादला. अहो तो सहावा मसुदा होता, पहिला २०१४ चा, आधीचा २०२२ चा मुदत संपून बाद झालेला. दहा वर्षं तेच कागद पुन्हापुन्हा छापले जातायत. तिथे घाई नव्हे, चालढकल आहे. तारीख जुळली म्हणजे हेतू सिद्ध झाला असं नाही.

मांडवीकाठी

मास्तर हे वर चिकटवतो, खरंच. आणि त्यावरूनच मला जे म्हणायचंय ते सुचलं. तारीख जुळली की नाही ह्याचा वाद होतो तोच मुळी तारीख आधी ठाऊक नसते म्हणून. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण बघा, वर्षाच्या बैठकांच्या तारखा आधीच छापलेल्या, सकाळी दहा वाजता गव्हर्नर बोलतात. व्याज वाढलं की लोक शिव्या देतात, पण आजच का असं कोणी विचारत नाही. महागाईचा आकडा दर महिन्याच्या १२ तारखेला. निवडणूक असो नसो.

आता महागाईचा आकडा काढणाऱ्या त्याच सांख्यिकी खात्याचं दुसरं उदाहरण. २०१७-१८ चा रोजगाराचा सर्व्हे, बेकारी ६.१ टक्के. सांख्यिकी आयोगाने मान्य केलेला अहवाल अडकला म्हणून जानेवारी २०१९ मध्ये आयोगाच्या दोघा सदस्यांनी राजीनामे दिले, आकडा पेपरात फुटला, सरकार म्हणालं तो कच्चा मसुदा आहे. नवीन सरकारचा शपथविधी ३० मे ला आणि अहवाल अधिकृतपणे बाहेर ३१ मे ला. आकडा तोच, ६.१. एक दिवस आधी दिला असता तर काही फरक पडला नसता, निकाल लागून गेले होते, पण तारीख बघून लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. खातं तेच, फक्त एका आकड्याची तारीख बांधलेली आणि दुसऱ्याची मोकळी.

म्हणून मला वाटतं चांगलं सरकार वाईट सरकार हा वाद बाजूला ठेवून एवढंच मागावं, तारीख बांधा. मसुदा काढायचा तर काढायच्या महिनाभर आधी सांगा की अमुक गुरुवारच्या राजपत्रात येणार. हरकतींच्या दिवसांतून चवथ नि शिगमो वगळा. कायद्याच्या मसुद्यावर निदान ३० दिवस लोकांचं ऐकायचं हे केंद्राने २०१४ मध्येच ठरवून ठेवलंय. आणि आरटीआयचं कलम ४(१)(ग) मराठीत काढून वाचा, लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी माहिती सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे, अर्ज न करता.

म्हापशेकर

मग मंत्र्यांनी दिवाळीला फटाका कुठला लावायचा?

राजपत्रवाला

कल्पना चांगली आहे पण वरून कोणी करणार नाही, तारीख मोकळी असणं हीच सत्ता आहे हो. तुम्हाला करण्यासारखं एकच, गुरुवार. संध्याकाळी तिन्ही मालिकांची पीडीएफ चाळायची. जमिनीचं काय असेल ते सर्व्हे नंबर, गाव, शेवटची तारीख एवढं तीन ओळींत लिहायचं. मी बार्देश नि तिसवाडी घेतो, डोळे अजून ठीक आहेत.

काणकोणची आबोली

काणकोण, केपे मी. सासष्टी कोणीतरी घ्या, ती मोठी आहे.

वास्कोचो पात्रांव

मुरगाव घेतो. सासष्टीला माझा चुलतभाऊ आहे, त्याला गळ घालतो, पण तो फक्त इंग्लिश वाचतो.

राजपत्रवाला

राजपत्र इंग्लिशच असतं बहुतेक. चालेल.

सांगेकर मास्तर

सांगे, धारबांदोडा माझ्याकडे. पण अट आहे, ज्या आठवड्यात संशयास्पद काही नसेल त्या आठवड्यात 'काही नाही' असं पण लिहायचं. नाहीतर परत तेच, फक्त जुळलेल्या तारखा लक्षात राहतील.

वाळपयकार

सत्तरी मी. आणि कर्नाटकचं राजपत्र कोणी वाचू शकतं का इथे, कन्नड येणारं?

पेडण्याची शिक्षिका

पेडणे मी घेते. कन्नड आमच्या शाळेत एका टीचरला येतं, विचारते.

डिचोलीकर ट्रकवालो

डिचोली माझी. पण ती पीडीएफ माझ्या मोबाइलवर उघडत नाही, पानांचे फोटो काढून कोणीतरी टाका, आणि फोंडा अजून कोणी घेतलेलं नाही, उसगावच्या बाय कुठे गेल्या?